रासायनिक समीकरण आधी वाचा, मग सोडवा: शब्दांपासून संतुलनापर्यंत

तासगावात मी नववी-दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. फळ्यावर रासायनिक समीकरण लिहिलं की निम्मा वर्ग लगेच पुढे-मागे आकडे टाकायला लागतो. "थांबा, आधी मला वाचून दाखवा," म्हटलं की सगळे गप्प. "वाचायचं म्हणजे काय, मॅडम?" हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

समीकरण हे एक पूर्ण वाक्य आहे. त्यातले शब्द कळले नाहीत तर संतुलन, म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू सारखे करणं, ही नुसती आकड्यांची झटापट होते. कधी उत्तर जमतं, कधी नाही, आणि का जमलं तेही कळत नाही. म्हणून हा लेख शब्दांपासून सुरू होतो आणि संतुलनाकडे शेवटी येतो. टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. सहावा टप्पा परीक्षेत येतो म्हणून मुलं तिथेच उडी मारतात, आणि तिथे अडकतात ती बहुतेक तिसऱ्या टप्प्यातल्या चुकीमुळे.

## तयारी

पेन आणि पेन्सिल दोन्ही हवीत. सूत्रं पेनाने लिहायची, सूत्राआधीचे आकडे पेन्सिलने. ही सवय एकदा लागली की निम्म्या चुका जातात. कारण सहाव्या टप्प्यात कळेल.

संयुजांचा तक्ता स्वतःच्या हाताने लिहून काढा. संयुजा म्हणजे अणूची किंवा अणूंच्या गटाची दुसऱ्याशी जोडलं जाण्याची क्षमता. छापील तक्ता चिकटवून काही डोक्यात राहत नाही. एवढा पुरे:
- संयुजा १: सोडियम, पोटॅशियम, चांदी, अमोनियम, क्लोराइड, हायड्रॉक्साइड, नायट्रेट, बायकार्बोनेट
- संयुजा २: कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, ऑक्साइड, कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइट
- संयुजा ३: ॲल्युमिनियम, फॉस्फेट
- दोन-दोन संयुजा असलेले: तांबं (१ आणि २), लोह (२ आणि ३)

मोठ्याने वाचता येईल अशी जागा. मनातल्या मनात वाचलं की डोळा कंस आणि आकडे गाळतो. तोंडाने वाचताना ते गाळता येत नाहीत.

आता या लेखातल्या लिखाणाबद्दल. इथे चिन्हं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, म्हणजे वाचायची सवय लागेल. तुमच्या वहीत मात्र नेहमीची चिन्हंच लिहायची. तीन नियम आहेत:

1. एकाच चिन्हातली दोन अक्षरं जोडून लिहिली आहेत, वेगवेगळी चिन्हं आडव्या रेघेने तोडली आहेत. "सीए" हे कॅल्शियमचं एकच चिन्ह, "सीए-ओ" ही दोन चिन्हं.
2. चिन्हाच्या पायाशी येणारा बारीक आकडा इंग्रजी उच्चाराने: "एच-टू-ओ".
3. सूत्राच्या आधी येणारा मोठा आकडा मराठीत: "दोन एच-टू-ओ".

हा तिसरा नियम मी वर्गातही पाळायला लावते. पायाचा आकडा इंग्रजीत आणि पुढचा आकडा मराठीत म्हटला की दोघांची गल्लत होत नाही. "दोन एच-टू-ओ" ऐकल्याबरोबर कळतं, की "दोन" हा रेणूंचा आकडा आहे आणि "टू" हा रेणूच्या आतला.

## टप्पा १: अणू, रेणू, मूलद्रव्य, संयुग

अणू हा मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण. अणू एकमेकांना जोडले गेले की रेणू होतो. एकाच जातीच्या अणूंचा बनलेला पदार्थ म्हणजे मूलद्रव्य, आणि वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे अणू ठरावीक प्रमाणात जोडले जाऊन झालेला पदार्थ म्हणजे संयुग. ऑक्सिजन मूलद्रव्य आहे, पाणी संयुग आहे. ऊस-रस, हवा, माती ही मिश्रणं. त्यांना सूत्र नसतं.

खरी अडचण व्याख्येत नाही, ती पुढच्या चार ओळींत आहे. यांतला फरक सांगता आला की हा टप्पा झाला:

- ओ: ऑक्सिजनचा एक सुटा अणू
- दोन ओ: दोन सुटे अणू
- ओ-टू: दोन अणूंचा एक रेणू
- दोन ओ-टू: दोन रेणू, म्हणजे एकूण चार अणू

आमच्याकडे बहुतेक मुलं शेतकऱ्याच्या घरची. त्यांना मी बैलजोडीवरून सांगते. "दोन ओ" म्हणजे गोठ्यात मोकळे बांधलेले दोन बैल. "ओ-टू" म्हणजे जुवाला जुंपलेली एक जोडी. "दोन ओ-टू" म्हणजे दोन जोड्या, चार बैल. जोडी मोडून एकच बैल औताला धाडता येत नाही, तसा समीकरणात ऑक्सिजन वायू सुटा "ओ" म्हणून लिहिता येत नाही. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन ही सात मूलद्रव्यं सुटी असताना जोडीनेच लिहायची.

> सावध: हिंदी व्हिडिओ. मुलं घरी मोबाइलवर हिंदीतून रसायनशास्त्र बघतात आणि वर्गात येऊन उलटं लिहितात. त्यात मुलांचा दोष नाही, शब्दच फसवे आहेत. हिंदीत "अणु" म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला हिंदीत "परमाणु" म्हणतात. हिंदीत "क्षार" म्हणजे पाण्यात विरघळणारा आम्लारी, जसं कॉस्टिक सोडा; मराठीत क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून बनणारा पदार्थ, जसं मीठ. त्याला हिंदीत "लवण" म्हणतात. "तत्व" म्हणजे मूलद्रव्य, "यौगिक" म्हणजे संयुग, "संयोजकता" म्हणजे संयुजा, "अपचयन" म्हणजे क्षपण. व्हिडिओ जरूर बघा, पण हे शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सेमी-इंग्रजीच्या मुलांना आणखी एक भाषा सांभाळावी लागते. त्यांनी ॲटम–अणू, मॉलिक्यूल–रेणू, एलिमेंट–मूलद्रव्य, कंपाउंड–संयुग, सॉल्ट–क्षार, बेस–आम्लारी अशा जोड्या करून घ्याव्यात. अकरावीला विज्ञान शाखेत गेल्यावर मराठी माध्यमाच्या मुलांनाही त्या लागतातच.

## टप्पा २: चिन्हं

चिन्हाचं पहिलं अक्षर नेहमी मोठ्या लिपीत, दुसरं असलं तर लहान लिपीत. "सीओ" असं एकच चिन्ह, दुसरं अक्षर लहान, तर ते कोबाल्ट हा धातू. "सी-ओ" अशी दोन चिन्हं, दोन्ही अक्षरं मोठी, तर तो कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. घाईत दोन्ही अक्षरं मोठी काढायची सवय असेल तर ती आजच मोडा.

काही चिन्हं इंग्रजी नावाशी जुळत नाहीत, कारण ती लॅटिन नावांवरून आली आहेत. पाठ करण्याजोगी एवढीच: सोडियम एनए (नेट्रियम), पोटॅशियम के (कॅलियम), लोह एफई (फेरम), तांबं सीयू (क्युप्रम), चांदी एजी (अर्जेंटम), सोनं एयू (ऑरम), शिसं पीबी (प्लंबम), पारा एचजी (हायड्रार्जिरम), कथील एसएन (स्टॅनम). विटा-खानापूर-आटपाडीकडची मुलं एजी आणि एयू कधी चुकत नाहीत. त्यांच्या घरचं कुणी ना कुणी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या, धंद्यात परमुलखात असतंच.

## टप्पा ३: सूत्र वाचणं

या टप्प्याला घाई करू नका. एक आठवडा गेला तरी चालेल.

पायाचा आकडा फक्त त्याच्या लगेच आधीच्या चिन्हाचा असतो. एच-टू-ओ मधला टू हायड्रोजनचा, ऑक्सिजनचा नाही. आकडा नसेल तिथे एक धरायचा.

कंसाबाहेरचा आकडा कंसातल्या प्रत्येकाला लागतो. भिजवलेल्या चुन्याचं सूत्र सीए-(ओ-एच)-टू. हे वाचायचं असं: "सीए, कंसात ओ-एच, कंसाचे टू". कॅल्शियम एक, ऑक्सिजन दोन, हायड्रोजन दोन. हेच कोणी कंस न उच्चारता "सीए-ओ-एच-टू" असं म्हटलं की वहीतही कंस गळतो, टू एकट्या हायड्रोजनला चिकटतो आणि ऑक्सिजनचा एक अणू हरवतो. पुढचं संतुलन मग कितीही घासलं तरी जुळत नाही. माझ्याकडे "मॅडम, हे समीकरण पुस्तकातच चुकलंय" म्हणून येणाऱ्या दहातल्या बहुतेकांनी कंस गाळलेला असतो.

कंसातल्या गटाला मूलक म्हणतात. ओ-एच हायड्रॉक्साइड, एन-ओ-थ्री नायट्रेट, एस-ओ-फोर सल्फेट, सी-ओ-थ्री कार्बोनेट, एन-एच-फोर अमोनियम. मूलक म्हणजे एकत्र कुटुंब. पुष्कळ अभिक्रियांत ते न फुटता एका घरून दुसऱ्या घरी जातं.

मधलं टिंब म्हणजे स्फटिकजल, स्फटिकात बांधलेलं पाणी. द्राक्षबागायतदाराच्या घरी असणाऱ्या निळ्या मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं, सूत्र आहे सीयू-एस-ओ-फोर, टिंब, पाच एच-टू-ओ. टिंबानंतरचा पाच पाण्याच्या पूर्ण रेणूला लागतो. टिंब म्हणजे गुणाकार नव्हे. निळा खडा परीक्षानळीत तापवला की हे पाणी उडून पांढरी भुकटी उरते, आणि तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला की पुन्हा निळी होते.

> तपासणी. खालच्या प्रत्येक सूत्रात एकूण अणू किती? उत्तर झाकून करा.
> चुनखडी, सीए-सी-ओ-थ्री: ५
> अमोनियम सल्फेट खत, (एन-एच-फोर)-टू-एस-ओ-फोर: १५
> ॲल्युमिनियम सल्फेट, एएल-टू-(एस-ओ-फोर)-थ्री: १७
> मोरचूद, टिंबासह: २१
> चारपैकी एक जरी चुकलं तरी पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: नावाची शेपटी आणि घरातली नावं

सल्फाइड, सल्फाइट, सल्फेट. तिन्ही गंधकाचे, पण तीन वेगळे.

"आइड" म्हणजे सहसा नुसती दोन मूलद्रव्यं, त्यात ऑक्सिजनचा मूलक नाही: सल्फाइड, क्लोराइड, ऑक्साइड. "एट" म्हणजे ऑक्सिजनसकट मूलक: सल्फेट, एस-ओ-फोर. "आइट" म्हणजे त्याच मूलकात एक ऑक्सिजन कमी: सल्फाइट, एस-ओ-थ्री. नायट्रेट एन-ओ-थ्री, नायट्राइट एन-ओ-टू. हायड्रॉक्साइड मात्र "आइड" असूनही त्यात ऑक्सिजन आहे, तेवढा अपवाद ध्यानात ठेवा.

एका अक्षराच्या या फरकाला आपल्या भागात रोजचा अर्थ आहे. साखर कारखान्यात उसाच्या रसात भिजवलेला चुना पाण्यात कालवून सोडतात आणि सल्फर डायऑक्साइड वायू फिरवतात. तिथे बनतो तो कॅल्शियम सल्फाइट, आणि तो खाली बसताना रसातली घाण सोबत घेऊन जातो:

सीए-(ओ-एच)-टू + एस-ओ-टू → सीए-एस-ओ-थ्री + एच-टू-ओ

इथे कोणी "सल्फेट" लिहिलं की उजवीकडे एक ऑक्सिजन जास्त होतो आणि समीकरण जुळत नाही.

घरातल्या नावांचा घोळ आणखी मोठा आहे, आणि त्यात सगळ्यांत पुढे चुना. आपण तीन वेगळ्या संयुगांना चुनाच म्हणतो:

- कळीचा चुना, म्हणजे चुनकळी: कॅल्शियम ऑक्साइड, सीए-ओ
- भिजवलेला, विरलेला चुना, पानाला लावतात तो: कॅल्शियम हायड्रॉक्साइड, सीए-(ओ-एच)-टू
- चुनखडी: कॅल्शियम कार्बोनेट, सीए-सी-ओ-थ्री

प्रश्नात "चुना" दिसला की आधी कोणता ते ठरवा. चुनखडी भट्टीत भाजली की कळी मिळते, कळी पाण्यात विरवली की भिजवलेला चुना, आणि तो भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. हे चक्र एकदा वहीत काढा.

सोड्याचंही तसंच. खाण्याचा सोडा एनए-एच-सी-ओ-थ्री, धुण्याचा सोडा एनए-टू-सी-ओ-थ्री टिंब दहा एच-टू-ओ. कल्हईवाल्याचा नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, एन-एच-फोर-सीएल.

> इशारा. कळीचा चुना विरवताना पाणी उकळण्याइतकी उष्णता निघते आणि शिंतोडे उडतात. डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते. मुलांनी एकट्याने करून बघायचा हा प्रयोग नाही.

## टप्पा ५: बाण आणि त्याच्या भोवतीच्या खुणा

बाणाच्या अलीकडचे पदार्थ म्हणजे अभिक्रियाकारके, पलीकडचे उत्पादिते. बाणाला "बरोबर" म्हणू नका. त्याचा उच्चार "पासून तयार होतं" असा. डावीकडचं अधिक चिन्ह "आणि यांच्यात अभिक्रिया होऊन", उजवीकडचं अधिक चिन्ह नुसतं "आणि".

बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी देतात तेव्हाचं समीकरण घ्या:

एस + ओ-टू → एस-ओ-टू

वाचन: "गंधक आणि ऑक्सिजन यांच्यात अभिक्रिया होऊन सल्फर डायऑक्साइड तयार होतो." धुरी देताना घशाला खवखव होते ती या वायूची. समीकरण असं पूर्ण वाक्यात म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा माझ्या वर्गातला कायदा आहे.

अवस्था सूत्रानंतर कंसात लिहितात: एस म्हणजे घन, एल म्हणजे द्रव, जी म्हणजे वायू, एक्यू म्हणजे जलीय द्रावण. गल्लत होते ती द्रव आणि द्रावण यांत. पाणी हा द्रव, म्हणून त्याला एल. मोरचूद पाण्यात विरघळवलं की ते द्रावण, म्हणून मोरचुदाला एक्यू. पाण्यालाच एक्यू लिहिणारे दर परीक्षेत सापडतात. पाणी पाण्यात विरघळत नाही एवढं आठवलं तरी बस. कंसातला एस गंधकाचं चिन्ह समजून मोजणारेही असतात. गंधकाचा एस मोठ्या लिपीत, अवस्थेचा लहान लिपीत.

बाणाच्या डोक्यावर अट लिहितात. त्रिकोण म्हणजे उष्णता द्यायची. धातूचं किंवा संयुगाचं नाव असेल तर तो बहुधा उत्प्रेरक: अभिक्रियेचा वेग बदलतो, पण स्वतः शेवटी जसाच्या तसा राहतो. डोक्यावरचं काहीही मोजायचं नसतं.

वर जाणारा बाण ↑ म्हणजे वायू निसटतो. खाली येणारा बाण ↓ म्हणजे अवक्षेप, द्रावणात न विरघळता वेगळा होणारा घन पदार्थ.

अवक्षेप हा शब्द पाठ करण्यापेक्षा एकदा बघा. पानाच्या चुन्याची सुपारीएवढी गोळी पेलाभर पाण्यात ढवळून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी गाळ आणि वर नितळ पाणी दिसेल, ती चुन्याची निवळी. ती गाळ न हलवता दुसऱ्या पेल्यात ओता आणि स्ट्रॉने हळू फुंका. तोंडात ओढायचं नाही, फक्त फुंकायचं. थोड्या वेळात पाणी ताकासारखं पांढरट होतं:

सीए-(ओ-एच)-टू + सी-ओ-टू → सीए-सी-ओ-थ्री ↓ + एच-टू-ओ

तो पांढरटपणा म्हणजे चुनखडीचे बारीक कण. फुंकत राहिलं तर तो पुन्हा निवळतो, कारण जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडमुळे विरघळणारं कॅल्शियम बायकार्बोनेट बनतं. मागच्या बाकावरचा एक मुलगा हे बघून म्हणाला, "मॅडम, म्हणजे खालचा बाण गेला." खाली येणारा बाण त्याला जन्मभर कळला.

## टप्पा ६: संतुलन

अभिक्रियेत अणू नव्याने जन्मत नाहीत, नाहीसेही होत नाहीत. फक्त जोड्या बदलतात. म्हणून प्रत्येक मूलद्रव्याचे अणू दोन्ही बाजूंना सारखे हवेत. सूत्राआधीच्या मराठी आकड्याला सहगुणक म्हणतात. संतुलन म्हणजे फक्त सहगुणक ठरवणं.

क्रम असा:

१. शब्दांत वाक्य लिहा. घरच्या गॅस सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. प्रोपेन घेऊ. "प्रोपेन आणि ऑक्सिजन यांच्यात अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं."

२. सूत्रं पेनाने लिहा. दोन सूत्रांमध्ये पेन्सिलच्या आकड्याला जागा सोडा.

सी-थ्री-एच-एट + ओ-टू → सी-ओ-टू + एच-टू-ओ

> थांबा. प्रत्येक सूत्र संयुजेच्या तिरकस गुणाकाराने (एकाची संयुजा दुसऱ्याच्या पायाशी लिहून) किंवा तक्त्यावरून बरोबर आहे ना? इथून पुढे पेनाने लिहिलेल्याला हात लावायचा नाही.

३. मोजणीचा तक्ता करा. कार्बन डावीकडे ३, उजवीकडे १. हायड्रोजन ८ आणि २. ऑक्सिजन २ आणि ३.

४. जे मूलद्रव्य प्रत्येक बाजूला एकाच सूत्रात आहे तिथून सुरुवात करा. ऑक्सिजन उजवीकडे दोन ठिकाणी आहे, म्हणून तो शेवटी. कार्बनसाठी उजवीकडे "तीन सी-ओ-टू". हायड्रोजनसाठी "चार एच-टू-ओ".

५. सुटं मूलद्रव्य शेवटी. आता उजवीकडे ऑक्सिजन ६ अधिक ४, म्हणजे १०. डावीकडे "पाच ओ-टू".

सी-थ्री-एच-एट + पाच ओ-टू → तीन सी-ओ-टू + चार एच-टू-ओ

६. तक्ता नव्याने मोजा. जुन्या आकड्यांवर खाडाखोड नको. कार्बन ३, ३. हायड्रोजन ८, ८. ऑक्सिजन १०, १०.

आता तोच क्रम ब्युटेनला लावा, सी-फोर-एच-टेन. चार सी-ओ-टू आणि पाच एच-टू-ओ झाल्यावर ऑक्सिजन उजवीकडे १३ येतो आणि डावीकडे साडेसहा ओ-टू लागतात. इथे मुलं घाबरून सगळं खोडतात. खोडू नका. साडेसहा जोड्या म्हणजे एक बैल मोकळा राहिला. सगळ्या समीकरणाला दोनाने गुणा:

दोन सी-फोर-एच-टेन + तेरा ओ-टू → आठ सी-ओ-टू + दहा एच-टू-ओ

मूलक असेल तर तो अख्खा मोजा. चांदीच्या गलाईत नायट्रिक आम्लात विरघळलेली चांदी तांब्याचा पत्रा टाकून परत मिळवतात. पत्र्यावर चांदीचा करडा थर धरायला लागतो आणि द्रावण निळसर होत जातं:

सीयू + दोन एजी-एन-ओ-थ्री → सीयू-(एन-ओ-थ्री)-टू + दोन एजी

इथे नायट्रोजन आणि ऑक्सिजन वेगवेगळे मोजत बसू नका. नायट्रेट उजवीकडे दोन, म्हणून डावीकडे "दोन एजी-एन-ओ-थ्री". मग चांदी दोन. संपलं. हा प्रयोग घरी करायचा नाही. नायट्रिक आम्लाचा धूर फुप्फुसं जाळतो.

> सर्वांत घातक चूक. एच-टू + ओ-टू → एच-टू-ओ. उजवीकडे ऑक्सिजन कमी पडतो. एका हुशार मुलीने उजवीकडच्या ओ ला टू जोडून दोन्ही बाजू जुळवल्या आणि विचारलं, "बरोबर आहे ना?" अणू जुळले होते. पण तिने लिहिलेलं एच-टू-ओ-टू हे पाणी नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड आहे, जखम धुवायला पातळ करून वापरतात ते. पायाचा आकडा बदलला की पदार्थच बदलतो. बरोबर उत्तर: दोन एच-टू + ओ-टू → दोन एच-टू-ओ. तिच्यापासून मी सूत्रं पेनाने लिहायला लावली. जे खोडता येत नाही ते बदलायचा मोह होत नाही.

आणखी तीन बारीक चुका:
- सहगुणक सूत्राच्या मध्ये घुसवणं. त्याची जागा सूत्राच्या आधीच.
- सहगुणक फक्त पहिल्या चिन्हाला लावणं. "दोन एनए-एच-सी-ओ-थ्री" मध्ये ऑक्सिजन तीन नाही, सहा.
- शेवटी आकडे लहान न करणं. चार, दोन, चार आले तर दोनाने भागून दोन, एक, दोन करा.

> तपासणी. खाण्याचा सोडा तापवला की सोडियम कार्बोनेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतात. डाव्या बाजूचा सहगुणक किती? उत्तर दोन. उजवीकडे सगळीकडे एक.

## टप्पा ७: अभिक्रियेचं नाव

वाचता आणि मोजता आलं की हा टप्पा दहा मिनिटांचा.

अनेकांपासून एक उत्पादित: संयोग (गंधकाची धुरी). एकापासून अनेक: अपघटन (तापवलेला सोडा). एका मूलद्रव्याने दुसऱ्याला संयुगातून हाकललं: विस्थापन (गलाईतली चांदी). दोन संयुगांनी आपापले जोडीदार बदलले: दुहेरी विस्थापन. उष्णता बाहेर पडली तर उष्मादायी, शोषली गेली तर उष्माग्राही. ऑक्सिजन मिळणं किंवा हायड्रोजन जाणं हे ऑक्सिडीकरण, याच्या उलट क्षपण. एका पदार्थाचं ऑक्सिडीकरण होतं तेव्हा दुसऱ्याचं क्षपण होतच असतं.

## शेवटची चाचणी: बोर्डो मिश्रणाचं पिंप

सगळे टप्पे एकत्र लागतील असा प्रश्न मी वर्षाच्या शेवटी देते. तो बागेतला आहे.

मोरचूद आणि भिजवलेला चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत पाण्यात कालवून एकत्र केले की निळसर बोर्डो मिश्रण, म्हणजे फवारणीचं बुरशीनाशक, होतं. एक टक्क्याच्या मिश्रणाला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद लागतं. प्रत्यक्ष पिंपात तांब्याची गुंतागुंतीची संयुगं बनतात. सरावासाठी सोपं रूप धरा: कॉपर हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम सल्फेट. फवारणीआधी जुना बागायतदार काय करतो? लोखंडी विळ्याचं स्वच्छ पातं मिश्रणात बुडवून धरतो. पात्यावर तांबूस पुट चढलं तर म्हणतो, "चुना कमी पडलाय", आणि आणखी चुना घालतो. पातं स्वच्छ निघालं तरच पंप सुरू होतो, नाहीतर पानं करपतात.

प्रश्न: (अ) पिंपातलं समीकरण लिहा, वाचा, प्रकार सांगा. (आ) पात्यावरचं समीकरण लिहा, वाचा, प्रकार सांगा. (इ) हे मिश्रण लोखंडी पिंपात का करत नाहीत?

उत्तरं करून झाल्यावरच खाली बघा.

(अ) सीयू-एस-ओ-फोर + सीए-(ओ-एच)-टू → सीयू-(ओ-एच)-टू ↓ + सीए-एस-ओ-फोर. मोरचूद आणि भिजवलेला चुना यांच्यात अभिक्रिया होऊन कॉपर हायड्रॉक्साइडचा अवक्षेप आणि कॅल्शियम सल्फेट तयार होतं. दुहेरी विस्थापन. सगळे सहगुणक एक. एका बाजूचा कंस गाळला असेल तर जुळणार नाही.

(आ) एफई + सीयू-एस-ओ-फोर → एफई-एस-ओ-फोर + सीयू. लोह आणि मोकळं राहिलेलं कॉपर सल्फेट यांच्यात अभिक्रिया होऊन फेरस सल्फेट आणि तांबं तयार होतं. विस्थापन. चुना पुरेसा असेल तर द्रावणात मोकळं कॉपर सल्फेट उरत नाही, म्हणून पातं स्वच्छ निघतं.

(इ) जे पात्यावर झालं तेच पिंपाच्या आतल्या अंगाला होईल: तांबं पिंपाला चिकटेल, लोखंड झिजेल आणि पानांवर पोचायचं तांबं पिंपातच राहील.